कपाळातलं सिमेंट आणि सर्दीबरोबर येणारी सूज

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. सहा वर्षांपूर्वी अपघातात डाव्या भुवईच्या वरचं हाड आत दबलं. तातडीचं ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण कपाळावर खळगा राहिला. ते वर्ष मी विसरू शकत नाही. माणसं बोलायची माझ्याशी आणि बघायची खळग्याकडे. वर्षभराने सर्जननी तिथे हाडासारखं सिमेंट भरलं. कपाळ इतकं छान झालं की आताच्या शाळेत कुणाला अपघाताचा पत्ताही नाही. गेल्या आठ महिन्यांत मात्र त्या जागी चार वेळा सूज आली. सर्दी झाली की भुवईवर जड वाटतं, मग लालसर फुगवटा येतो. फॅमिली डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पाच-सहा दिवसांत सगळं उतरतं. मागच्या महिन्यात सर्जनना दाखवलं, तर ते म्हणाले की सिमेंट काढावं लागेल आणि निदान सहा महिने जागा रिकामी ठेवावी लागेल. पाच वर्षं टिकलेलं, हाडात मुरलेलं सिमेंट आता का काढायचं? गोळ्यांनी दर वेळी बरं होतंच आहे. घरात कुणी म्हणतं शरीराने ते नाकारलं, कुणी म्हणतं डॉक्टरने हलका माल वापरला. मला फक्त तो खळगा परत नको आहे. काय करू?

उत्तर :

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सगळं लक्ष खळग्याकडे गेलं, कारण तुमचं स्वतःचं लक्ष तिथेच आहे. दुसऱ्यांदा वाचताना जाता जाता लिहिलेले तीन शब्द डोळ्यांत भरले : ‘सर्दी झाली की’. त्या तीन शब्दांकडे मी येतेच. आधी एका समजुतीबद्दल बोलू, कारण तुमचे बाकीचे सगळे प्रश्न तिच्यावर उभे आहेत.

सिमेंट हाडात मुरलंय असं तुम्ही धरून चालला आहात. हा समज तुमचा एकटीचा नाही, आणि तो पसरवण्यात आम्हा डॉक्टरांचाही हात आहे. तुमच्या वर्णनावरून हे हायड्रॉक्सीअपॅटाइटचं सिमेंट दिसतंय. कॅल्शियम फॉस्फेटच्या दोन पावडरी पाण्यात कालवल्या की त्या शरीराच्या तापमानालाच घट्ट होतात आणि त्यांचं हायड्रॉक्सीअपॅटाइट बनतं, हे अमेरिकेत ब्राउन आणि चाऊ या दोघांनी १९८०च्या दशकात दाखवलं. दोघेही दातांच्या साहित्यावर काम करणारे. १९९६मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, ते कवटीसाठी वापरायला मान्यता दिली. आपल्या हाडाच्या वजनातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग याच जातीच्या खनिजाचा असतो, त्यामुळे ‘हे हळूहळू तुमचंच हाड होईल’ असं म्हणायचा मोह सगळ्यांनाच झाला. माझ्या तोंडूनही हे वाक्य गेलंय, खोटं का बोलू?

ऑपरेशनच्या वेळी ते पाहण्यासारखं असतं. छोट्या वाडग्यात पांढरी पावडर, त्यावर मोजून द्रव, सिस्टर भराभर घोटते. टूथपेस्टइतकं दाट झालं की ते खळग्यात थापायचं आणि पात्याने कडा भुवईच्या गोलाईला मिळवून घ्यायच्या. मग दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी हात बांधून उभं राहायचं. त्या वेळात त्याला हलवलं किंवा रक्ताचा एखादा ओघळ आत शिरला, तर तेवढा भाग खडूसारखा भुसभुशीत राहतो. नीट जमलं तर मात्र ते दगडासारखं होतं. घोटाळा पुढे आहे. घट्ट झालेल्या सिमेंटला छिद्रं असतात, पण ती इतकी बारीक की रक्तवाहिनी आत शिरूच शकत नाही. रक्त पोहोचत नाही तिथे हाड कुठून येणार? काही वर्षांनी काढलेले तुकडे पाहिले तर कडेला हाडाची किनार धरलेली दिसते, आतला गाभा मात्र बहुतेक वेळा सिमेंटचाच असतो. कपाळात ते भाडेकरूसारखं राहतं म्हणा ना. चार वर्षं तक्रार नव्हती, म्हणून घर त्याच्या नावावर झालं असं नाही.

आता गोळ्यांचं. दर वेळी सूज उतरते, म्हणून दर वेळी बरं होतं, हा हिशेब सरळ वाटतो. पण अँटिबायोटिक रक्तातून पोहोचतं. ते भोवतालच्या कातडीत आणि मांसात जातं, तिथले जंतू मारतं, लाली जाते, दुखणं थांबतं. सिमेंटच्या पृष्ठभागावर चिकटलेले जंतू मात्र स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करून त्यात बसलेले असतात. बायोफिल्म म्हणतात त्याला. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर धरणारी शेवाळी निसरड आठवा. पाणी बदललं तरी ती जात नाही, घासावी लागते. खाली रक्तपुरवठा नाही आणि वर हा थर, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गोळ्यांची गत. कोर्स संपला की तिथूनच पुन्हा सुरुवात होते. आठ महिन्यांत चार वेळा झालं, तेव्हा हे चार आजार समजू नका. आजार एकच आहे, तो चार वेळा वर आला.

पत्रावरून निदान करू नये हे मला कळतं. पण संसर्ग झालेलं सिमेंट नुसत्या गोळ्यांवर कायमचं निवळलं, असं क्वचितच घडतं. तुमचे सर्जन काढा म्हणतात त्यात घाई किंवा अतिरेक मला दिसत नाही.

तर ते तीन शब्द. भुवईच्या वर, कपाळाच्या हाडाच्या आत, एक पोकळी असते. तिला फ्रंटल सायनस म्हणतात. तिला आतून नाकासारखंच ओलं अस्तर असतं आणि तिचं पाणी एका अरुंद वाटेने नाकात उतरतं. तुमचं हाड नेमकं तिथेच दबलं होतं. अशा अपघातात सायनसची पुढची भिंत फुटते, कधी ती वाटही बुजते. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी जीव वाचवायची घाई असते, आणि ती योग्यच. पण पोकळीचा एखादा कोपरा उघडा राहिला, किंवा अस्तराचा छोटा तुकडा मागे राहिला, तर वर भरलेल्या सिमेंटची खालची बाजू थेट नाकातल्या जंतूंच्या शेजारी येते. हायड्रॉक्सीअपॅटाइट सिमेंटला सायनसचा शेजार अजिबात मानवत नाही. या क्षेत्रात ज्या थोड्या गोष्टींवर सर्जनमंडळींचं एकमत आहे त्यांतली ही एक.

म्हणून ‘काढू की नको’ यापेक्षा मोठा प्रश्न मला हा वाटतो : सिमेंट बिघडलं कशामुळे? सायनसमधून जंतू वर येत असतील आणि आपण नुसतं सिमेंट बदललं, तर दोन वर्षांनी तुम्ही हेच पत्र पुन्हा लिहाल, फक्त त्यात सिमेंटच्या जागी टायटॅनियम असेल. सीटी स्कॅन कपाळाबरोबर सायनसचाही हवा, बारीक कापांचा. त्यावर सिमेंट पांढरंशुभ्र दिसतं, त्याच्या कडेला हाड झिजलंय का, ते तडकलंय का, खाली पोकळी भरलेली आहे का, सगळं कळतं. तो घेऊन प्लास्टिक सर्जन आणि कान-नाक-घशाचे सर्जन या दोघांनी एकत्र बसावं असा आग्रह धरा. सायनसच्या मागच्या भिंतीलाही अपघातात इजा झाली असेल तर न्यूरोसर्जन तिसरे. एकत्र बसणं म्हणजे एकमेकांना चिठ्ठ्या लिहिणं नव्हे. हे स्पष्ट सांगायला कचरू नका.

घरातल्या दोन मतांना थोडक्यात उत्तर देते. ‘नाकारलं’ हा शब्द दुसऱ्याचं मूत्रपिंड किंवा यकृत बसवतात तिथला आहे. सिमेंटमध्ये जिवंत पेशीच नाहीत. परक्या वस्तूभोवती शरीर थोडी धुसफूस करतं हे खरं, पण सर्दीबरोबर लाल होणारी आणि अँटिबायोटिकने उतरणारी सूज जंतूंकडेच बोट दाखवते. ‘हलका माल’ हा आरोपही घाईचा आहे. इथे मालापेक्षा जागा महत्त्वाची असते. याचं फार कडू उदाहरण आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात कानामागच्या कवटीच्या ऑपरेशनांत आयोनोमर जातीचं सिमेंट वापरलं गेलं. ते मेंदूभोवतीच्या पाण्याला लागलं, त्यातून ऍल्युमिनियम सुटलं, मेंदूला विषबाधा झाली आणि रुग्ण दगावले. त्याच जातीचं सिमेंट दंतवैद्य आजही दात भरायला वापरतात आणि त्यात काही धोका नसतो. तुमच्या बाबतीत सायनस उघडा होता का, हे तेव्हाच्या ऑपरेशनच्या नोंदीतून कळेल. ती हातात येईपर्यंत दोष कुणाला देऊ नका. स्वतःलाही देऊ नका. पत्राच्या शेवटी तुम्ही ‘मी नीट जपलं नाही का’ असं लिहून खोडलंय, ते दिसतंय मला.

आता खळगा.

तुमची भीती दिसण्याची आहे, आणि ती लहान नाही. ‘जीव वाचला ना, मग दिसण्याचं काय एवढं’ हे वाक्य तुम्ही वर्षभर ऐकलं असणार. चेहऱ्याने माणूस दुसऱ्याला भेटतो. तो पुन्हा मोडणार या कल्पनेने तुम्ही चार वेळा गोळ्या घेऊन वेळ काढलात, यात वेडेपणा काही नाही. पण या वेळचा खळगा आणि तेव्हाचा खळगा यांत फरक आहे, तो बघा. तेव्हा तो अचानक आला होता, अंगावर बाकीच्या जखमा होत्या, पुढे काय होणार हे कुणी सांगत नव्हतं. या वेळी तो कधी येणार, किती दिवस राहणार आणि नंतर त्यात काय भरणार, हे आधी ठरवता येतं. परीक्षा संपल्यावर, सुट्टी लागताना ऑपरेशन घ्या. न काढता थांबलात तर खळगा टळेलच असं नाही. एखाद्या सर्दीत कातडी पातळ होऊन फुटते, सिमेंट उघडं पडतं, आणि मग तारीख तुम्ही ठरवत नाही. शिवाय त्या कातडीचं नुकसान झालेलं असतं, आणि पुढच्या बांधकामाला सगळ्यांत मोलाची तीच. सिमेंटला पर्याय आहेत, कपाळाच्या निरोगी कातडीला नाहीत.

हा खळगा धोक्याचा आहे का, हेही विचारा. सिमेंटच्या मागे कवटीचं आतलं हाड शाबूत असेल, तर मेंदूला पूर्ण संरक्षण आहे आणि मधले महिने फक्त दिसण्याचे आहेत. आरपार भोक असेल तर गोष्ट वेगळी; मग धक्क्यापासून जपणं, शिरस्त्राण वापरणं, असं सगळं येतं. तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता जास्त वाटते, पण सीटी बघून सर्जनकडून हे तोंडी वदवून घ्या. मन बरंच हलकं होईल.

सहा महिने का, याचं कारण साधं आहे. सिमेंट काढल्यावरही भोवतालच्या मांसात जंतू शिल्लक असतात. तिथे लगेच नवी परकी वस्तू ठेवली तर ते तिच्यावर जाऊन बसतात. काही निवडक रुग्णांत लवकर भरता येतं, काहींत जास्त थांबावं लागतं. ‘माझ्या बाबतीत कशावरून ठरवणार?’ असं विचारा. नुसतं कॅलेंडर दाखवणारं उत्तर अपुरं समजा.

नंतर काय भरायचं? तुमच्या जागी मी असते तर आधी स्वतःच्या हाडाची चौकशी केली असती. डोक्याच्या बाजूच्या कवटीचा वरचा पापुद्रा काढून कपाळाला लावता येतो. केसांत लपणारा एक व्रण वाढतो, हाड थोडं झिजतं, घडवायला कष्ट पडतात. पण त्यात रक्तवाहिन्या शिरतात, आणि ज्या जागी एकदा पू झाला तिथे हा गुण मला बाकी सगळ्यांहून मोठा वाटतो. टायटॅनियमची जाळी पातळ आणि मजबूत असते, मात्र वरची कातडी नाजूक असेल तर वर्षांनंतर ती टोचून बाहेर येऊ शकते. सीटीवरून बेतून घेतलेले पीक नावाच्या प्लास्टिकचे तुकडे कपाळाला इतके बरोबर बसतात की बघत राहावं, पण तेही हाडाला धरत नाहीत आणि संसर्ग झाला तर त्यांनाही काढावंच लागतं. आणि काढल्यानंतर जागेवर आलेला व्रणाचा जाड थर पाहून कधी कधी लक्षात येतं की खळगा आठवणीत होता तेवढा खोल नाही. मग स्वतःचीच चरबी सुईने भरून भागतं. ही शक्यता लहान असली तरी विचारून ठेवा.

तुमच्यासारख्या इतरांसाठी दोन गोष्टी. ज्यांच्या कपाळात किंवा कवटीत असं सिमेंट आहे आणि काहीही त्रास नाही, त्यांनी हे वाचून ते काढायला धावू नये. अनेकांचं आयुष्यभर निमूट राहतं. आणि ज्यांना ते भरायचा सल्ला मिळालाय, त्यांनी विचारावं : माझी जागा आरपार आहे की वरवरची, किती मोठी, सायनसला लागून आहे का, वरच्या कातडीला आधी रेडिएशन दिलंय का? अमेरिकेत मान्यता देताना अशा एका सिमेंटसाठी २५ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठा खळगा नको अशी मर्यादा घातलेली आहे. तळहाताच्या निम्म्याहून कमीच जागा ती. आरपार मोठ्या भोकात खाली मेंदूचं आवरण प्रत्येक ठोक्याला धडधडतं, आणि त्यावर सिमेंट घट्ट होताना आणि नंतरही तडकत राहतं. लहान मुलांची कवटी वाढत असते, सिमेंट वाढत नाही, एवढं पालकांनी ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

काहींच्या कवटीत ऍक्रिलिकचं सिमेंट असतं, दातांच्या कवळीच्या जातीचं, १९४०च्या दशकापासून वापरात असलेलं. त्याचं दुखणं निराळं. घट्ट होताना ते तापतं, जाड गोळा असेल तर ७० अंशांच्याही वर. हाडाच्या पेशींना ४७ अंश मिनिटभर सोसत नाहीत. म्हणून सर्जन वरून गार सलाईन ओततात, किंवा साच्यात बाहेर घडवून मगच बसवतात. पण एकदा संसर्ग धरला की त्याची आणि तुमच्या सिमेंटची कहाणी सारखीच.

आता लगेचचं. सूज दाबू नका, शेकू नका, आणि कुणालाही तिथे सहज म्हणून सुई घालून पाणी काढू देऊ नका. तपासणीसाठी काढायचं असेल तर ते सर्जनने, जंतुविरहित जागी. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. काढलेल्या सिमेंटचे आणि मांसाचे नमुने कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, जातील तेव्हा अंगात औषध असेल तर जंतू सापडत नाहीत, आणि मग पुढचं औषध अंदाजाने द्यावं लागतं. त्यांतले काही जंतू फार सावकाश वाढतात, त्यामुळे नमुने दोन आठवडे ठेवायला सांगितलंय ना, हेही विचारा.

ताप, उलट्या, मान ताठणं, सूज डोळ्यापर्यंत उतरणं, गुंगी, झटका, किंवा वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा थेंब थेंब गळणं, यातलं काहीही झालं तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. तिथे ते देतील ती औषधं घ्या.

एरवी, भेटीला जाताना दोन्ही ऑपरेशनच्या नोंदी मागून घ्या, नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. कोणतं सिमेंट, किती ग्रॅम, खाली जाळी घातली होती का, सायनसचं काय केलं, हे त्यात असतं. डब्यावरचं स्टिकरही बहुधा त्यावरच चिकटवलेलं असतं. चारही वेळच्या सुजेचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर तारखेसकट काढून ठेवा. आणि ठरलेल्या दिवशी नेमकी सर्दी झाली तर ‘बरं वाटल्यावर जाऊ’ म्हणू नका. फुगवटा आलेला असतानाच डॉक्टरांना दिसला तर फार बरं.